शून्य केंद्राचा शेरा

“अगं ए कुलूपवाले, माझी अंबाबाई कुठं नेलीस?”

सतरा वर्षं होऊन गेली, तरी हा आवाज मधूनच माझ्या कानाशी येऊन उभा राहतो. आवाज द्वारकाताई लाटकरांचा. जाडसर, घुमणारा, दुधाच्या रिकाम्या कॅनमध्ये तोंड घालून बोलावं तसा. तांबवडी तालुका सहकारी दूध संघाच्या संकलन विभागात त्या बसायच्या, पण त्यांचा आवाज गेटवरच्या वजनकाट्यापर्यंत जाऊन परत यायचा.

मी दारातच थबकले. हातात डबा, खांद्याला पर्स, वय वर्षं तेवीस.

“ताई, नेली नाही हो. साहेबांचा आदेश आहे. सगळ्यांच्या पडद्यावर एकच चित्र.”

“कुठलं? हे?” त्यांनी संगणकाकडे बोट केलं. निळ्याशार पडद्यावर संघाचं चिन्ह होतं. एक गाय आणि तिच्या शेपटीपाशी एक थेंब. “सकाळच्या पारी गाईचं शेपूट बघून कामाला बसू व्हय मी? सहा वर्षं अंबाबाई होती तिथं. तिला नमस्कार केल्याबिगर मी एक आकडा भरला न्हाई.”

“आणि पत्त्यांचा खेळ?” पलीकडून रोहिणीनं विचारलं.

“तोही काढला.”

“गाणी?”

“तीही.”

“मग ऱ्हायलं काय गं?”

“संकलनाचं सॉफ्टवेअर आहे ना,” मी म्हणाले. “कामाचं.”

“अगं बाई!” द्वारकाताईंनी हात जोडले. “कामाचं ठेवलंस? लई उपकार झाले.”

विभागातल्या चौघी खळखळून हसल्या. मी मान खाली घालून माझ्या खोलीत गेले. खोलीच्या दारावर ‘संगणक विभाग’ अशी पाटी होती. त्या विभागाची प्रमुख मी, कारकून मी आणि पंखा बंद पडला की स्टुलावर चढणारीही मीच.

आदेश काही उगीच निघाला नव्हता. जानेवारीत कोणीतरी भाचीच्या हळदीचे फोटो पेन ड्राइव्हमधून आणले, आणि फोटोंबरोबर व्हायरसही वऱ्हाडासारखा आला. त्यानं एकशे बारा गावांची तीन दिवसांची नोंद गिळली. कुणाचं किती दूध, कुणाची किती फॅट, सगळं गेलं. कार्बनच्या चिठ्ठ्या मागवून आम्ही ती पुन्हा भरली. आमच्याबरोबर बाह्या सरसावून संघाचे एम. डी., बिडकर साहेबही बसले होते. उंच, सडपातळ, कमी बोलणारा माणूस. हसले तर ओठांऐवजी भुवयांनी हसायचे, आणि तेही वर्षातून दोनदा.

काम संपल्यावर त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. “बोडकेबाई, कुठल्या मशीनवर काय चालेल याची यादी करा. यादीत नसेल ते चालता कामा नये.”

“तुमच्या मशीनवर, साहेब?”

“यादी सगळ्यांना एकच. मी काय आभाळातून पडलोय?”

मग जरा थांबून म्हणाले, “तुमचे परिविक्षेचे सहा महिने मार्चअखेर संपतात. हे नीट पार पडलं, तर कायम होण्याच्या पत्रावर मी स्वतः सही करीन.”

ती सही मला हवी होती. घरी बाबांनी स्थळांची एक यादी करून कपाटात ठेवली होती आणि माझी नोकरी गेली की ती उघडायची असं ठरलं होतं. माझ्या पत्रावर साहेबांची सही नाही, तर बाबांच्या यादीवर माझी. एवढा साधा हिशोब होता.

म्हणून मी कुलपं लावत सुटले. खेळांना लावलं, गाण्यांना लावलं, इंटरनेटला लावलं, पेन ड्राइव्हच्या भोकांनाही लावलं. घड्याळाची वेळ बदलायची सोयसुद्धा काढून घेतली, कारण लेखा विभागातले एक गृहस्थ पाचला साडेपाच करून घरी जायचे. आठवड्याभरात ऑफिसात माझं सारिका हे नाव कोणी घेईना. मी जेवायच्या खोलीत शिरले की गप्पांचा सूर खाली येई, आणि भाजीच्या वाट्या माझ्या समोरून उड्डाण केल्यासारख्या पलीकडे जात. मी माझ्याच खोलीत, माझ्याच पाटीखाली डबा खाऊ लागले.

आता त्या सॉफ्टवेअरबद्दल चार शब्द सांगते, कारण पुढचा सगळा गोंधळ तिथंच झाला.

त्यात प्रत्येक गावच्या दूध केंद्राचं एक पान होतं, आणि पानाच्या तळाशी ‘शेरा’ नावाचा रकाना. आमच्या बायका संध्याकाळी त्यात सूचना लिहायच्या: कॅन धुऊन आणा, गुरुवारी जनावरांचे डॉक्टर येतील. ती सूचना फोनच्या तारेवरून गावात जायची आणि सकाळी दूध घालणाऱ्याला मिळणाऱ्या चिठ्ठीच्या खालच्या पट्टीवर छापून यायची. अशी एकशे बारा केंद्रं. शिवाय केंद्र क्रमांक शून्य. सॉफ्टवेअर बसवताना कंपनीच्या माणसांनी ते चाचणीसाठी केलेलं. त्याला ना गाव, ना गोठा, ना म्हैस. तिथला शेरा कुठंच जात नसे.

चौथ्या दिवशी सगळे घरी गेल्यावर मी मशीनं तपासत होते. द्वारकाताईंच्या, म्हणजे चार नंबरच्या मशीनवर शून्य केंद्राचं पान उघडंच राहिलं होतं. शेऱ्यात लिहिलं होतं:

देवी माझी गेली । निळं आलं पाणी ।
कुलपांची राणी । आली दारी ॥

मी एकटीच हसले. मोठ्यानं हसले. सगळं बंद केलं होतं मी, आणि या बायांनी उरलेल्या एका फटीतून ओवी बाहेर काढली होती, कातळातून झरा निघावा तशी.

आणि मग माझी बोटं शिवशिवली. माझी आत्या आमच्या गावच्या पिठाच्या गिरणीत कामाला होती. पट्ट्याच्या फटफटीवर ती दिवसभर ओव्या रचायची. गिऱ्हाईकाचं नाव, त्याचं दळण, त्याची सून, सगळं तिच्या ओवीत पिठासारखं भुरभुरायचं. मी शाळेतून सुटून तिच्याकडे जायची आणि केस पांढरे करून घरी यायची. ओवीचा ठेका माझ्या अंगात तिथंच शिरलेला. संकलन विभागाचा पासवर्ड पडद्याच्या कडेला चिकटवलेला होता. तसं करू नका म्हणून मीच दोनदा पत्रक काढलं होतं. खुर्ची ओढली आणि खाली लिहिलं:

राणी कुठली गं । हुकमाची दासी ।
कुलपाच्या पाशी । तीही उभी ॥

दुसऱ्या दिवशी संकलन विभागात खळबळ. भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू येत होतं.

“रोहिणे, तू लिहिलंस?”

“छे बाई, मला यमक जुळत असतं तर लग्नात नाव घ्यायला रडले असते का?”

“मग कोन? भांडारातली शैला?”

“तिला वहीत ‘बादली’ लिहायला दोन दिवस लागतात.”

त्या संध्याकाळी रकान्यात नवी ओवी होती:

कोण गं तू बाई । चोरपावलांची ।
ओवी जोंधळ्यांची । सांडतेस ॥

मी लिहिलं:

शून्य माझं गाव । शून्य माझी वाडी ।
शून्याचीच गाडी । येते जाते ॥

असं रोज चाललं. दिवसा मी कुलूपवाली, आणि पावणेसहानंतर शून्य गावची पाटलीण. दिवसा माझ्याशी कोणी बोलत नसे. पण भिंतीपलीकडं रोज सकाळी माझी ओवी मोठ्यानं वाचली जाई आणि द्वारकाताई म्हणत, “कोन बी असो, बाई गुणाची हाय.” ते ऐकायला मी साडेनवाऐवजी नऊलाच येऊन बसू लागले.

दर शनिवारी साहेबांना एक यादी द्यावी लागे: कुठल्या मशीनवरून कोणी काय बंद असलेलं उघडायचा प्रयत्न केला. पहिल्याच शनिवारी ती छापून हातात घेतली आणि पुन्हा वाचली. यादीत सगळ्यांत वर मशीन क्रमांक एक होतं. साहेबांच्या केबिनमधलं. रोज दुपारी एक वाजून चाळीस मिनिटांनी एकच साइट. रोज एकदाच प्रयत्न, आणि मग शांतता.

ओळ गाळावी की ठेवावी? मी ठेवली. साहेबांनी यादी वाचली, प्रत्येक ओळीपुढं लाल पेन्सिलीनं खूण केली. पहिल्या ओळीपुढंही केली.

“यांना समज द्या,” ते म्हणाले.

“सगळ्यांना, साहेब?”

“सगळ्यांना.”

“एक नंबरच्या मशीनलाही?”

पेन्सिल हवेत थांबली. “त्यालाही,” साहेब म्हणाले.

सोमवारी एक चाळीसला पुन्हा तीच साइट. असे पाच आठवडे गेले.

उलगडा केला तो सदूमामांनी. सदूमामा साहेबांचे शिपाई, पंचावन्न उलटलेले. चहाचा कप माझ्या टेबलावर ठेवून तिथंच घुटमळायची त्यांना सवय होती.

“साहेब जेवत न्हाईत नीट,” ते म्हणाले. “डबा उघडत्यात, बंद करत्यात. डाव मोडला न्हवं त्यांचा.”

“कसला डाव?”

“बुद्धिबळाचा. त्यांचा थोरला भाऊ नागपूरला असतो. बारा वर्षं झाली, दोघांचं बोलणं बंद. कशावरनं बंद ते आता त्यांना तरी ठावं असंल का, देव जाणं. पर डाव चालू. संगणकावर. ह्यांनी दुपारी एक चाल करायची, त्यांनी रात्री एक करायची. रोज एक. पत्र न्हाई, फोन न्हाई, चाल तेवढी. आन् तुम्ही लावलं कुलूप.”

मी कप खाली ठेवला.

“मग मला सांगत का नाहीत? एका मिनिटाचं काम आहे.”

“त्यांनीच काढला न्हवं का हुकूम? आता कुठल्या तोंडानं सांगत्याल?”

त्याच दुपारी मी निमित्त काढून केबिनमध्ये गेले. साहेब खिडकीबाहेर उभ्या टँकरकडे बघत होते.

“साहेब, मशीनवर काही अडचण? काही उघडून द्यायला हवंय का? म्हणजे... कामासाठी.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. क्षणभर वाटलं, आता बोलतील. ओठ हललेही.

“काही नको,” ते म्हणाले. “आज एक दार उघडलं की उद्या एकशे बारा उघडावी लागतात. आणि हो, ते शेऱ्याचे रकानेही बंद करा. परवा कोणीतरी कोंढऱ्याच्या केंद्राला लिहिलं, ‘दूध पातळ आहे, माणसंही तशीच का?’ सरपंच माझ्या अंगावर आले.”

मी संध्याकाळपर्यंत एकशे बारा रकाने बंद केले. शून्याचा मात्र ठेवला. हात धजला नाही. त्याला कुठं गाव होतं? त्याला बंद केलं असतं तर मला कुठं गाव राहिलं असतं?

पावणेसहाला द्वारकाताईंच्या खुर्चीत बसले. त्या दिवशी त्यांच्या ओवीला उत्तर द्यावंसं वाटेना. मनात साहेबांचे ते हललेले ओठ होते. चार चरण लिहिले, एकदा गुणगुणून पाहिले आणि घरी गेले. झोपही छान लागली.

सकाळी गेटवर सदूमामा उभे. त्यांच्या घरची एक म्हैस संघाला दूध घालायची. त्यांनी खिशातून दुधाची चिठ्ठी काढून माझ्यासमोर धरली.

“बाई, ह्यो कसला शेरा?”

लिटर, फॅट, आणि तळाच्या पट्टीवर, जिथं ‘कॅन धुऊन आणा’ असायचं तिथं:

साहेबांच्या दारी । कुलूप ते मोठे ।
चावी त्याची कोठे ।

पट्टी अरुंद, म्हणून चौथा चरण मावलाच नव्हता.

मी सदूमामांच्या हातात डबा कोंबला आणि पळत सुटले. पळता पळताच सगळं लख्ख कळलं. सॉफ्टवेअरनं रात्री पाहिलं, एकशे बारा केंद्रांचे शेरे रिकामे आहेत. मग त्यानं जिथं भरलेला मिळाला तिथून उचलला. शून्यातून. सगळी दारं मी बंद केली होती, आणि जे एक लाडानं उघडं ठेवलं त्यातूनच माझी ओवी एकशे बारा गावांत दूध घालायला गेली होती.

पडद्यावर चारही चरण तसेच होते. मी ते पुसले. पुसून मागं वळते तोच फोन वाजला.

“बोडकेबाई,” साहेबांचा आवाज बर्फासारखा होता. “आत या.”

टेबलावर सात-आठ चिठ्ठ्या पसरलेल्या.

“हे कोणी लिहिलं ते शोधा. मला तीन दिवसांत नाव हवं. हे तुम्हालाच जमेल.”

मलाच जमणार होतं, यात शंका नव्हती. चोर शोधायचं काम आजवर एवढ्या योग्य माणसाकडं कधी गेलं नसेल. पण मशीनच्या नोंदीत माणूस नसतो, मशीन असतं. छापून आणलेली नोंद म्हणत होती: मशीन क्रमांक चार, संकलन विभाग, पाच वाजून बावन्न मिनिटं. साहेबांनी ती माझ्या हातातून घेऊन वाचली आणि पुटपुटले, “चार नंबर. लाटकरबाई.”

“साहेब, पासवर्ड सगळ्यांना माहीत असतो. पडद्यालाच चिकटवलाय. दुसरं कोणीही...”

“मग त्या दुसऱ्याचं नाव आणा.”

मी आणलं नाही. एक दिवस गेला, दुसरा गेला. कपाटातली बाबांची यादी डोळ्यांपुढं फडफडत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या पाटीखाली द्वारकाताई येऊन उभ्या राहिल्या. माझ्या खोलीत त्या पहिल्यांदाच येत होत्या. फडकं सोडलं, अर्धी भाकरी आणि ठेचा माझ्या डब्याच्या झाकणात ठेवला.

“खा. चार घास कमी जेवतीस हल्ली. भिंतीपलीकडनं कळतं.”

“ताई, ती ओवी...”

“चार नंबरचं मशीन माझं. नाव माझंच निघनार. निघू दे.”

“पण तुम्ही ती...”

“मी तुला काय इचारलं का? न्हाई ना? मग तू बी मला काय सांगू नगंस.” त्यांनी फडकं झटकलं. “रिटायर व्हायला माझे चौदा म्हैने ऱ्हायलेत. तुझं समदं आयुष्य पडलंय. आन् ठेचा जपून खा, तिखट हाय.”

डोळ्यांत पाणी आलं ते ठेच्यानं, असं मी स्वतःला सांगितलं.

तिसऱ्या दिवशी अकराला केबिनमध्ये बोलावणं आलं. साहेब, द्वारकाताई, मी आणि संचालक मंडळावरच्या मालनकाकी शेलार. काकींच्या घरी चार म्हशी होत्या, आणि संचालक झाल्या तरी धारा स्वतः काढायच्या. त्यांनी मोठी कापडी पिशवी आणली होती. पिशवी चिठ्ठ्यांनी भरलेली.

“साहेब, आधी हे बघा,” त्या म्हणाल्या. “टँकरवाल्यांच्या हातनं येत्यात. गावोगावच्या बायांनी चिठ्ठीच्या मागं चौथा चरण लिहून धाडलाय. सुपेवाडी म्हणती, ‘म्हशीपाशी’. कोंढरं म्हणतं, ‘दुधामधी’. आन् आमच्या गावच्या पोरी...” त्या पदराआड हसल्या. “‘साहेबीण जाणे’.”

“काकी, पुरे,” साहेब म्हणाले.

“पुरे कसं? तीन दिवस झाले, दुसरी ओवी येती का बघाया बायाच दूध घालायला येत्यात. गडी घरात. चिठ्ठी कोन वाचनार म्हणून भांडणं. मी तर म्हणते, रोज एक छापा.”

“संघाचं काम आहे हे, काकी. चेष्टा नाही. आज ओवी गेली, उद्या दराचा आकडा चुकीचा जाईल, मग?” त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि त्यामुळंच मला जास्त लाज वाटत होती. ते द्वारकाताईंकडे वळले. “लाटकरबाई, नोंद तुमच्या मशीनची आहे.”

“माझीच हाय ओवी. लिवा तसं.”

“का लिहिलीत?”

“अंबाबाई काढली म्हणून. राग आला, लिहिली.”

टेबलावर दोन कागद होते. एक द्वारकाताईंना निलंबित करण्याचा. दुसरा माझ्या कायम होण्याचा. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं, मग थांबले.

“चौथा चरण काय होता?”

“आं?”

“ओवी तुमची ना? मग चौथा चरण सांगा. चिठ्ठीवर तो आलेला नाही.”

द्वारकाताईंनी छताकडे पाहिलं. पंख्याचा एक फेरा झाला. “चावी त्याची कोठे... गिळली गं!”

मालनकाकी खो खो हसल्या. “झ्याक! आमच्यापरीस झ्याक!”

साहेबांचा चेहरा आणखी घट्ट झाला. “म्हणजे मी चावी गिळून बसलोय, असं तुमचं म्हणणं आहे. ठीक आहे.” आणि पेन कागदावर टेकलं.

मला ठाऊक होतं, आता नुसतं गप्प बसायचं. एवढंच काम होतं माझं. पहिल्या कागदावर सही होईल, मग दुसऱ्यावर होईल, आणि मी पाटीखाली जाऊन डबा उघडीन. द्वारकाताईंनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय ठेवला आणि दाबला. गप्प बस. त्या पायाचं वजन मला अजून आठवतं.

“साहेब,” मी म्हणाले. “तो चौथा चरण नाही.”

पाय आणखी दाबला गेला.

“तुम्हाला काय माहीत?”

“ओवी ताईंची नाही. माझी आहे. त्यांच्या मशीनवरून मी लिहिली. त्याआधीही रोज लिहीत होते. शून्याचा रकाना मीच उघडा ठेवला. तुम्ही जिला शोधायला सांगितलंत, ती मीच.”

“पोरगी हाय, साहेब,” द्वारकाताई घाईनं म्हणाल्या. “खोटं बोलती. मला वाचवाया बघती.”

“मग सिद्ध होऊ द्या,” साहेब म्हणाले. माझ्याकडे न बघता म्हणाले. “म्हणा चरण.”

तो म्हणणं सोपं नव्हतं. गावोगावच्या चरणांत साहेबांची चेष्टा होती, आणि चेष्टा कोणीही सोसतो. माझ्या चरणात ते स्वतः होते. पण खोलीतल्या दोघींना तो कळणार नाही, एवढा एक आधार होता.

मी म्हणाले:

“साहेबांच्या दारी, कुलूप ते मोठे, चावी त्याची कोठे, तेही शोधती.”

बाहेर धुतलेले कॅन एकावर एक ठेवल्याचा आवाज येत होता.

“म्हंजे काय गं?” मालनकाकी म्हणाल्या. “कुलूप त्यांचं, आन् चावी त्येच शोधत्यात? ह्यात काय मजा? आमचं ‘म्हशीपाशी’ बरं की.”

साहेबांनी सही न करताच पेन उचललं. मग त्यांनी समोरच्या पडद्याकडे पाहिलं. निळा रंग, एक गाय, एक थेंब. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पेनाचं टोपण लावलं. तीन बायकांसमोर ते अशा अवघडलेल्या चेहऱ्यानं बसले होते की मला वाटलं, आता मला जा म्हणतील, कायमचंच जा म्हणतील.

“बोडकेबाई,” ते म्हणाले, आणि घसा खाकरून पुन्हा म्हणाले, “बोडकेबाई, माझ्या मशीनवर एक साइट उघडून द्या.”

“कुठली, साहेब?”

मला कुठली ते माहीत होतं. त्यांनाही ठाऊक होतं की मला माहीत आहे. तरी मी विचारलं, आणि ते, लाटकरबाईंच्या समोर, मालनकाकींच्या समोर, आमच्या तिघींच्याही डोळ्यांकडे बघायचं टाळत, शाळेतल्या मुलानं चूक कबूल करावी तसे हळू बोलले:

“बुद्धिबळाची. माझी चाल राहिलीय. दादा एक्केचाळीस दिवस वाट बघतोय.”